लल्ला बतूलच्या दिवाणखान्यातला रांजण

फेस, १२ जून १९८८

तामिमुंतताई,

तुला सलाम, शेळ्यांना सलाम, आणि मास्तर बूअझ्झांना आधी सलाम, कारण हे पत्र तुला तेच वाचून दाखवणार. मास्तर, जरा सावकाश वाचा. मागच्या खेपेला तुम्ही घाईघाईत "तय्यबला खोकला" ऐवजी "तय्यब खपला" वाचलंत आणि ताईने माझ्या नवऱ्यासाठी दोन दिवस शोक केला.

ताई, इथे एक अजब झालंय. कासाब्लांकाहून मादाम नुझहा म्हणून एक बाई आली होती. तिचा धंदा ऐक. ती लोकांची घरं सजवते. भिंतीवर काय टांगायचं, कोपऱ्यात काय ठेवायचं, हे लोक तिला पैसे देऊन विचारतात! ती आमच्याकडची निळी ताटं घ्यायला आली होती. सासूबाईंनी, आमच्या लल्ला बतूलनी, तिला दिवाणखान्यात बसवलं, भिंतीवरचं एकेक ताट दाखवलं, हे माझ्या वडिलांच्या हातचं, हे आजोबांच्या हातचं. तुला माहीतच आहे, त्या ताटांत आजवर कुणी घास खाल्लेला नाही. माशी बसली तरी लल्ला बतूलच्या अंगावर काटा येतो.

मध्येच बाईला तहान लागली म्हणून ती स्वयंपाकघरात आली. तिथे तू दिलेलं ऑलिव्हचं मडकं होतं, माशाच्या काट्यासारख्या रेघांचं. बाई चक्क गुडघ्यावर बसली.

"हे काय आहे?"

"ऑलिव्ह," मी म्हटलं.

"अहो ते नाही, हे!"

"मडकं."

"कुणी केलं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "ते डोंगरातलं आहे. हात लावू नका, काळे होतील."

बाईने दोन्ही हात लावले. निळ्या ताटांतलं एकही न घेता ती तुझ्या बारा मडक्यांची मागणी नोंदवून गेली. सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात बरंच बरं चाललंय.

तर बारा मडकी कर. एकसारखी हवीत. आणि त्यांत काही भरू नकोस, ती रिकामीच ठेवणार आहे.

तुझी यामिना


अघबाल गाव, ३० जून

यामिने,

मास्तरांनी तुझं पत्र सावकाश वाचलं. तीनदा वाचायला लावलं, कारण मला वाटलं ते पुन्हा चुकताहेत. रिकामी ठेवणार म्हणजे काय? घरात भरायला काही नाही का बिचाऱ्यांच्या? एवढ्या लांबून मडकं न्यायचं आणि त्यात हवा ठेवायची?

एकसारखी बारा होणार नाहीत. मला दोनसुद्धा एकसारखी जमत नाहीत. तू आणि मी एकाच आईच्या, बघ आपल्याकडे.

मडकी करते, पण रिकामी देणार नाही. मुलगी सासरी पाठवतानाही कुणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. काहींत सुकी अंजिरं घालेन, काहींत ऑलिव्ह, चारांत मुरवलेलं लोणी.

आणि तुझी सासू म्हणाली हात काळे होतील? तिला म्हणावं, (इथे तामिमुंतबाईंनी एक शब्द वापरला. सरकारी टपालातून तो पाठवणं मला प्रशस्त वाटत नाही. – मास्तर). जसंच्या तसं सांग.

मडकी घेऊन मीच येते. माझा म्हातारा गेल्यापासून मी अघबालच्या बाहेर पडलेले नाही. तुझं घरही कधी पाहिलं नाही. मुख्य म्हणजे मला माझा रांजण पाहायचा आहे. लग्नात तुला दिलेला, कमरेइतका उंच. दर ईदेच्या पत्रात तू लिहितेस की तो तुमच्या दिवाणखान्यात मधोमध उभा आहे आणि पाहुणे आधी त्याला पाहतात, मग तुम्हाला. ते वाक्य मी झऱ्यावरच्या सगळ्या बायकांना ऐकवलंय. एकदा डोळ्यांनी बघू दे.

तामिमुंत


फेस, ११ जुलै

ताई,

तू येणार म्हणून इतका आनंद झाला की विचारू नकोस. पण आत्ता येऊ नकोस. तुमच्याकडून येणाऱ्या तावनातच्या बसचे ब्रेक लागत नाहीत असं इथे सगळे म्हणतात. उकाडा भयंकर आहे. आमची गल्ली नळासाठी खणून ठेवलीये. त्यात सासूबाई आजारी आहेत, छातीत दुखतं, पाहुणा चालत नाही. मडकी बसवाल्याबरोबर पाठव. थंडीत सावकाश ये.

तुझी यामिना

(सोबतची चिठ्ठी)

मास्तर बूअझ्झा, ही चिठ्ठी फक्त तुमच्यासाठी. ताईसमोर उघडली असेल तर मिटा.

तो रांजण आमच्या दिवाणखान्यात नाही. कधीच नव्हता. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात लल्ला बतूलने तो हमामच्या अंघोळीच्या पाण्याची भट्टी पेटवणाऱ्या बा अल्लालला देऊन टाकला. तो त्यात राख भरतो. मी तेव्हा नवी नवरी, काय बोलणार? पहिल्या ईदेला ताईने विचारलं, रांजण कुठे ठेवलास? मी दिवाणखाना लिहिला. दुसऱ्या ईदेला ते खोडता येईना. मग दर वर्षी थोडं थोडं वाढत गेलं. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात, हेही मीच लिहिलंय.

तिला थांबवा. काहीही सांगा.


अघबाल, २० जुलै

यामिने,

सासू आजारी आणि मी येऊ नको? उलट आता तर आलंच पाहिजे. छातीसाठी इथे डोंगरात एक पाला मिळतो, तो उकळून पाजते. कडू आहे, पण तिला पाजायला मला आनंदच होईल. ब्रेकचं म्हणशील तर बस चालवणारा आपल्या मावशीचा नातू आहे, मी त्याला विचारलं. तो म्हणाला चढावर ब्रेक लागतच नाहीत.

मडकी भाजून झाली. ऑगस्ट सरता सरता येते.

तामिमुंत

(यामिनाबाई, मी सांगितलं की बसवाल्यांचा संप आहे. त्या स्वतः फाट्यावर जाऊन पाहून आल्या. मग म्हटलं फेसमध्ये साथ आहे. त्या म्हणाल्या, मग पाला जास्त घेते. आता मी आजचा वार सांगितला तरी त्या दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करतात. मी शिक्षक आहे, मला खोटं बोलायची सवय नाही आणि आता उशीर झालाय. तुम्हीच काही करा. – मास्तर)


फेस, १६ ऑगस्ट

मास्तर बूअझ्झा यांस, खासगी.

केलं.

बा अल्लाल जावयाकडे लग्नाला गेला होता. तेवढ्यात माझ्या तय्यबने रांजण उचलून आणला आणि त्याच्या जागी पत्र्याचे दोन डबे ठेवले. चोरी नव्हे, अदलाबदल म्हणा. रांजण कोळशासारखा काळा. मी आणि मोलकरणीने घासला, घासला, आणि राखेखालून ताईच्या रेघा वर आल्या. त्रिकोण, माशाचे काटे, मध्ये तो विंचू. मास्तर, मी अंगणात बसून रडले. मोलकरणीला वाटलं कंबर धरली.

लल्ला बतूल म्हणाल्या, "हे भूत माझ्या दिवाणखान्यात येणार नाही."

पण देवाला माझी दया आली. त्याच दिवशी मादाम नुझहा आपली मडकी झाली का ते विचारायला टपकली. रांजण पाहून ती पुन्हा गुडघ्यावर बसली. मग म्हणाली, एका मोठ्या हॉटेलच्या दारात ठेवते, म्हणाल ती किंमत.

सासूबाईंनी लगेच पाठ ताठ केली. "विकायचा नाही. आमच्या घरातली जुनी वस्तू आहे. दिवाणखान्यातच असते, आज धुवायला काढलीये."

एवढं सफाईदार खोटं मलाही इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

आता रांजण दिवाणखान्यात मधोमध आहे. सासूबाईंनी बाजारातून प्लास्टिकचे गुलाब आणून त्यात खोचलेत, लाल आणि जांभळे. ते मला आवडलेले नाहीत, पण मी गप्प आहे. येऊ द्या ताईला.

यामिना


फेस, १ सप्टेंबर

ताई,

न सांगता का गेलीस? मी काय केलं?

सगळं तर छान चाललं होतं. तू आलीस, बारा मडकी उतरवलीस, अख्ख्या गल्लीत लोण्याचा वास पसरला. दिवाणखान्यात रांजण पाहून तुझे डोळे भरले, ते मी पाहिलं. मग तू ते गुलाब पाहिलेस. एकेक उपटून काढलेस आणि सगळा गुच्छ सासूबाईंच्या हातात दिलास. "हे तुमचे," म्हणालीस. सासूबाई तो धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या, कुणीतरी लग्नाची मागणी घातल्यासारख्या. मला हसू आवरेना, मी स्वयंपाकघरात पळाले.

जेवणानंतर तुम्ही दोघी हमामला गेलात. मी घरीच होते, कबुतरांचा रस्सा चुलीवर होता. तुम्ही परत आलात त्या दोघी मुक्या. तू रस्सा खाल्लास, बरा झालाय म्हणालीस, आणि झोपलीस. सकाळी उठून बघते तर तू नाहीस, तुझं गाठोडं नाही आणि रांजणही नाही!

तय्यबला वाटतं चोर आले. मोलकरणीला वाटतं जिन आले. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, "मला काय ठाऊक, मी झोपले होते." पण त्या झोपतच नाहीत, आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आणि आता त्या दिवसाआड हमामला जातात. इतकी मळलेली बाई मी पाहिली नाही.

ताई, रांजण तू नेलास का? एवढा मोठा बसमध्ये कसा चढवलास? काय बिनसलं? लिही.

यामिना


अघबाल, १४ सप्टेंबर

यामिने,

रांजण मी नेला. बसमध्ये नाही. ऐक.

हमामात तुझी सासू आणि मी शेजारी बसलो. पाठ घासायला तिला कुणी नव्हतं, म्हणून मी घासली. जरा जोर लावून. ती "अगं, सालं निघतील!" ओरडली, पण उठली नाही. मग तिने माझी घासली. हात चांगला आहे तिचा, एवढं कबूल करते.

अंघोळ करून बाहेर आलो. गल्लीतल्या सात-आठ बायका बरोबर. कोपऱ्यावर भट्टीच्या दारातून एक काळाकुट्ट म्हातारा धावत आला आणि थेट तुझ्या सासूपुढे उभा.

"लल्ला, तुमच्या तय्यबला विचारा माझा रांजण कुठाय!"

"कसला रांजण? बाजूला हो," ती म्हणाली.

"कसला म्हणजे? तुम्हीच दिला होतात. सून घरात आली त्या वर्षी. 'ने बाबा हे डोंगरातलं, माझ्या डोळ्यांसमोरून' म्हणालात. आणि आता पोराकरवी चोरता? डबे ठेवून गेला डबे! निखाऱ्याने पहिल्याच दिवशी बूड गेलं त्यांचं, राख माझ्या पायांवर!"

सगळ्या बायका थांबल्या. तुझ्या सासूच्या तोंडावर अंघोळीची लाली होती, ती क्षणात उतरली. मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, "त्यावर काय काढलं होतं, सांग."

"विंचू," तो म्हणाला. "मी त्याला रोज सलाम करायचो. बाई, तुम्हाला काय सांगू, धगधगती राख ओतली तरी तडा नाही. एका हिवाळ्यात माझ्या मांजरीने त्यात पिल्लं दिली, तेव्हा मी आठवडाभर राख टोपलीत भरली. असा रांजण आता कुठे मिळायचा?"

यामिने, आधी मला राग आला. मग मी त्या माणसाकडे पाहिलं. माझ्या हातच्या वस्तूबद्दल असं कुणी कधी बोललेलं नाही. तूसुद्धा नाही. तुझे पाहुणे फोटो काढायचे म्हणे. हा त्यात राख भरत होता, रोज.

तुझ्या सासूने मला बाजूला ओढलं. "तामिमुंत, मी लग्नाचा आहेर भट्टीवाल्याला दिला हे गल्लीत पसरायला नको."

"पसरलंच आहे," मी म्हटलं, "पण मी भर घालणार नाही. एक काम करा. पहाटे दार उघडा."

तर पहाटेच्या बांगेला बा अल्लाल गाढव घेऊन आला. रांजणाचे कान मी आणि त्याने धरले, दार तुझ्या सासूने धरलं. वळणावर रांजण अडकला तेव्हा तीच पुढे आली आणि पोट आत घेऊन ढकलायला लागली. आम्हा दोघींना हसू फुटलं. तिने तोंडात पदर कोंबला, तू उठू नयेस म्हणून. रांजण भट्टीवर पोचला, मग मी बस धरली.

आता तुझं. गुलाब उपटताना मी सासूवर चिडले होते. तुझ्यावर चिडले ते अजून चिडलेलीच आहे. राख भरतात म्हणून लिहिलं असतंस तर मला काय झालं असतं? चार दिवस शिव्या दिल्या असत्या. पण दर ईदेला मी झऱ्यावर उभी राहून तुझं ते वाक्य बायकांना ऐकवत होते. त्यात मी किती वेडी दिसले असेन, याचा विचार केलास? आता त्यांना मी खरंही सांगितलं. त्यांना राखेची गोष्ट जास्त आवडली.

यापुढे खरं लिही. वाईट असलं तरी.

मास्तरांनाही सगळं माहीत होतं असं कळलं. त्यांचं लोणी बंद केलंय. (हे खरं आहे. कोरडी भाकरी खातोय. – मास्तर)

तामिमुंत


फेस, २५ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी जेवले नाही. ही चूक मोठी होती, मला लहान वाटत होती. माफ कर, आणि मास्तरांचं लोणी सुरू कर, त्यांचा काही दोष नाही.

खरं लिहायचं ना? मग ऐक. मादाम नुझहाने तुझी मडकी एका श्रीमंत बाईच्या दिवाणखान्यात मांडली. लोण्याची मडकी रिकामी करायचं ती विसरली. उन्हाने लोणी वितळलं, वास सगळ्या बंगल्यात. मालकीणबाई ओरडत आली, नाक धरून झाकण काढलं, आणि तिला तिच्या आजीची आठवण झाली. पावाचा तुकडा मागवला, मग आणखी एक. आता ती चारही मडकी स्वयंपाकघरात आहेत आणि दिवाणखान्याचा कोपरा रिकामा आहे. मादाम डोकं धरून बसलीये. तिला आणखी बारा हवीत, भरून.

दुसरं खरं. सासूबाईंना तुझ्याकडे यायचंय. तोंडाने म्हणतात हवापालट. पण दिवाणखान्याच्या मधोमध जिथे रांजण होता, तिथे त्या रोज जाऊन उभ्या राहतात, आणि हमामला जातात त्याही भट्टीच्या दारातून रांजण बघायला. परवा मला विचारलं, "तुझी बहीण नवीन करेल का गं एखादा? मागायचं कसं?" मी म्हटलं, "तोंडाने."

गुरुवारच्या बसने आम्ही येतोय. मी दोन दिवस राहून परतेन. आईच्या कबरीवर मला जायचंय. इतकी वर्षं आले नाही, त्याला कारण काही नव्हतं. हेही खरं.

यामिना


अघबाल, १० ऑक्टोबर

यामिने,

तू गेलीस, तुझी सासू राहिली. आता येऊन तिला घेऊन जा.

रांजण मागायला तिला तीन दिवस लागले. मागितला, मी हो म्हटलं. मग मी थापटायला बसले की ही शेजारी बसते. माती जास्त ओली आहे म्हणते. ही कुंभारांच्या घरातली, पण बापाने कधी चिखलाला हात लावू दिला नाही, बायकांचं काम नाही म्हणून. इथे माती बायकाच मळतात हे पाहून तिने बाह्या सारल्या, त्या अजून खाली केलेल्या नाहीत. काल मी शेळ्या सोडायला गेले तर तिने माझ्या कच्च्या मडक्यावर फूल काढलं. फूल! पाकळ्यांचं, वेलीसकट, तुमच्या त्या ताटांसारखं. मी म्हटलं, लल्ला, इथे रेघा काढतात. ती म्हणाली, तुझ्या विंचवाला जरा बागेत फिरू दे.

आम्ही दोघी एकमेकींना दिवसभर शिव्या देतो. मास्तर म्हणतात शाळेपर्यंत ऐकू येतं. घेऊन जा.

तामिमुंत


फेस, १८ ऑक्टोबर

ताई,

आत्ता जमणार नाही. खरं लिहायचं ठरलंय, म्हणून कारण शोधत बसत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा या घरात मी सासूबाईंशिवाय आहे. काल मी भिंतीवरचं सगळ्यात मोठं निळं ताट उतरवलं, त्यात चार अंडी फोडली आणि तय्यब आणि मी त्यातच खाल्ली. अंडी छान लागली. तय्यब घाबरून दाराकडे बघत होता.

थोडे दिवस ठेवून घे.

यामिना


अघबाल, २ नोव्हेंबर

यामिने,

काल मडकी भाजायचा आवा लावला. पाऊस यायच्या आत या वर्षाचा शेवटचा. नवा रांजण मधोमध, भोवती मादामची बारा, आणि एका कडेला तुझ्या सासूचं ते फुलांचं. मी म्हटलं होतं तुमचं तडकणार, पाकळ्यांना जाग्यावर ठेवायची आमच्या मातीला सवय नाही.

शेण, काटक्या, धूर. ती माझ्याबरोबर दिवसभर उभी होती, डोळे लाल, तोंडावर काजळी, अगदी बा अल्लालची बहीण. संध्याकाळी राख सारली. बारांतली दहा चांगली. तिचं चांगलं, एक ओरखडा नाही. रांजणाला वरपासून खालपर्यंत तडा.

मी वाट पाहत होते की आता ही बोलेल. आता कमरेवर हात ठेवेल आणि फेसच्या कुंभारांच्या सात पिढ्या मला ऐकवेल. तिने तड्यावरून नुसतं बोट फिरवलं. मला भीती वाटायला लागली. चुलीपाशी बसलो, मी भाकरी मोडली, तिने लोणी लावलं. मग ती म्हणाली, "वारा फिरला तेव्हा आपण वरून शेण घालायला हवं होतं. पुढच्या वेळी घालू."

"पुढच्या वेळी म्हणजे उन्हाळ्यात," मी म्हटलं. "आता पाऊस लागणार."

"मग उन्हाळ्यात," ती म्हणाली आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन तिने भाकऱ्या गुंडाळून ठेवल्या.

मागच्या पत्रात घेऊन जा म्हटलं होतं, ते राहू दे. तिची लोकरीची शाल आणि पायमोजे बसवाल्याबरोबर पाठव. इथे आता थंडी पडेल.

तामिमुंत

(लोणी पुन्हा सुरू झालंय. दोघी मिळून जरा जास्तच वाढतात. – मास्तर)